एकच सुई, एकच गोठा: म्हशीला सोसली, सहा दिवसांच्या रेडीला का नाही?

करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठच्या एका गावातला हा गोठा. दोन मुऱ्हा म्हशी, एक गाय, भोवती उसाचं वाडं आणि कडब्याची गंजी. दूध सकाळ-संध्याकाळ गावच्या संस्थेत जातं आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यावर चालतो. थोरली म्हैस तिसऱ्या वेताला व्याली, रेडी झाली. वार उशिरा पडली. चौथ्या दिवशी म्हशीला ताप भरला, मागून दुर्गंधी येणारा स्राव सुरू झाला, तिनं वैरण कमी केली. त्याच दिवशी रेडीला पिवळी, पाण्यासारखी हगवण लागली.

परिसरात जनावरांवर उपचार करणाऱ्या एकाला बोलावलं गेलं. त्यानं दोघींना प्रतिजैविक दिलं आणि ताप-वेदनेसाठी फ्लुनिक्सिन टोचलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. मात्रा दोघींच्या वजनाच्या हिशोबानं बरोबर होती, हे मी, म्हणजे नंतर बोलावलेल्या पशुवैद्यानं, बाटली आणि सिरिंज पाहून खात्री करून घेतलं. घरच्यांनी मात्र हगवण लागली म्हणून रेडीचं दूध तोडलं होतं. आपल्याकडे ही समजूत खोलवर रुजलेली आहे: पातळ हगतंय, म्हणजे पाजायचं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी मला फोन आला. पोचलो तेव्हा म्हैस उभी होती, रवंथ करत होती. रेडी कोपऱ्यात आडवी पडलेली. गोठ्याच्या मालकीण आक्का म्हणाल्या, "डॉक्टर, दोघींना एकच सुई दिली हुती. म्हस उठून खायाला लागली, आन् ही बगा कशी पडलीया. औषध खराब हुतं म्हणावं, तर मग म्हशीला कसं सोसलं?"

याहून नेमका प्रश्न मला पशुवैद्यकाच्या वर्गातही कुणी विचारलेला आठवत नाही. त्याचं उत्तर रक्तदाब सांभाळणाऱ्या हार्मोन्समध्ये आहे, आणि ती हार्मोन्स नवजात जनावरात मोठ्या जनावरासारखी वागत नाहीत.

तपासणीत काय दिसलं

रेडीचं वजन साधारण 32 किलो. तापमान 36.6 अंश सेल्सियस, म्हणजे नेहमीपेक्षा दोनेक अंश कमी. डोळे खोल गेलेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश सपाट होत होती. कान गार, पाय गुडघ्यापर्यंत गार. हिरडी दाबून सोडल्यावर रंग परतायला चार सेकंद लागले. तोंडात बोट घातलं तर चोखायचा प्रयत्नही नाही. आदल्या संध्याकाळपासून ती मुतलेली नव्हती. हे मी विचारून काढलं. आपण होऊन कुणी सांगत नाही, कारण हगवणीकडे सगळ्यांचं लक्ष असतं आणि मूत्राकडे कुणाचंच नसतं.

शेपटीच्या बुडाला पट्टा बांधून दाब मोजायचं छोटं यंत्र मी बरोबर ठेवतो. पहिल्यांदा त्यानं आकडाच दिला नाही. दुसऱ्यांदा सरासरी दाब 44 आला. म्हशीचा त्याच यंत्रावर 98. पट्ट्याच्या यंत्राचे आकडे दहा-पंधरानं इकडेतिकडे होऊ शकतात, आणि नवजाताचा दाब एरवीही मोठ्यापेक्षा कमीच असतो. निरोगी कुत्र्याच्या महिनाभराच्या पिल्लाचा सरासरी दाब पन्नासच्या आसपास असतो, मोठ्या कुत्र्याचा शंभरच्या जवळ. म्हणून एकट्या 44 या आकड्यावर मी काही ठरवलं नसतं.

मला खरी काळजी लागली ती हृदयाच्या ठोक्यांनी. मिनिटाला 68, आणि तेही मध्येच चुकणारे. इतकं पाणी गेलेल्या नवजाताचं हृदय मिनिटाला सव्वाशे-दीडशेनं धावायला हवं. नवजाताच्या हृदयाची भिंत ताठर असते, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त ते फारसं वाढवू शकत नाही. रक्त जास्त फिरवायचं तर ठोके वाढवणं हाच त्याच्यापुढचा मुख्य मार्ग. तेच हृदय मंदावलं, तर दाब टिकवायचा एक मोठा आधार गेला. हगवण लागलेल्या वासरात मंद, अनियमित ठोके दिसले की पहिला संशय रक्तात साचलेल्या पोटॅशियमचा घ्यायचा. रक्ताचा नमुना कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत पाठवला, पण अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू केले. संध्याकाळी अहवाल आला: पोटॅशियम 7.2, म्हणजे चढलेलं; सोडियम 128, म्हणजे उतरलेलं; आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा कचरा, 3.8 पर्यंत साचलेलं. तिन्ही आकडे एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते. मूत्रपिंडानं काम थांबवलं होतं.

दाब कोण धरून ठेवतं

हेलसिंकीहून आलेला रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्याचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी 1898 मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या कामावरून दाखवलं, की सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला की त्याचा दाब चढतो. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटलं. पुढे जवळजवळ तीन तपं ते बाजूला पडलं. 1934 मध्ये हॅरी गोल्डब्लाट यानं कुत्र्याच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्यानं आवळून कायमचा उच्च रक्तदाब निर्माण करून दाखवला आणि मग संशोधक पुन्हा मूत्रपिंडाकडे वळले.

आज आपल्याला साखळी माहीत आहे. दाब किंवा मीठ कमी पडलं की मूत्रपिंड रेनिन सोडतं. यकृतानं बनवलेल्या एका प्रथिनाचा रेनिन तुकडा पाडतं, आणि मुख्यतः फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमध्ये त्याचं अँजिओटेन्सिन-दोन होतं. हे हार्मोन रक्तवाहिन्या आवळतं आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन सोडवून घेतं. अल्डोस्टेरॉन सोडियम राखतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. मेंदूतून येणारं व्हॅसोप्रेसिन पाणी धरून ठेवतं, ॲड्रिनलचं ॲड्रिनॅलिन हृदयाला हाकतं, आणि कॉर्टिसॉल या सगळ्यांचं म्हणणं रक्तवाहिन्यांना ऐकायला लावतं.

मोठ्या, निरोगी, पोटभर खाणाऱ्या म्हशीत ही साखळी एरवी मंद आचेवर असते. कोकरू, वासरू, कुत्र्याचं पिल्लू यांच्यात ती जन्मापासूनच भडकलेली असते. रेनिन, अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन तिन्ही मोठ्या जनावरापेक्षा चढे असतात आणि पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू उतरतात. याला कारण आहे. वाढणाऱ्या शरीराला रोज थोडं सोडियम शिल्लक टाकावं लागतं आणि दुधात सोडियम बेताचंच असतं. जन्माच्या वेळी नाळ तुटते आणि कमी रोधाचा एक मोठा रक्तमार्ग एकाएकी बंद होतो. फुप्फुसं उघडतात. ॲड्रिनॅलिनचा लोंढा येतो. या सगळ्या उलथापालथीत दाब हळूहळू वर न्यायचा असतो, आणि तो वर नेणाऱ्यांत ही साखळी आघाडीवर असते.

सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक डोळ्यांना दिसतो. गर्भात आणि जन्मानंतरच्या काळात रेनिन बनवणाऱ्या पेशी मूत्रपिंडाच्या बारीक धमन्यांवर दूरवर पसरलेल्या असतात. वय वाढतं तशा त्या मागे हटत हटत फक्त गाळणीच्या तोंडाशी उरतात. मोठ्या जनावराला दीर्घकाळ मीठ मिळालं नाही किंवा दाब खाली राहिला, तर मागच्या धमन्यांवरच्या पेशी पुन्हा रेनिन बनवायला लागतात. मला हे शरीरशास्त्रातलं अतिशय सुंदर सत्य वाटतं: मोठं शरीर अडचणीत आलं की आपल्या नवजातपणातली व्यवस्था परत उभी करतं. म्हणजे ती व्यवस्था त्याच्याकडे राखीव असते. नवजातापाशी असं राखीव फारच थोडं, कारण ते आधीच कामाला जुंपलेलं असतं.

आता सुईकडे येऊ. मूत्रपिंडाच्या प्रत्येक गाळणीत एक वाहिनी रक्त आणते आणि एक बाहेर नेते. अँजिओटेन्सिन बाहेर नेणारी वाहिनी जास्त आवळतं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळा सरल्यावर बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात, पाणी अडतं आणि वरच्या अंगाला पातळी चढते. तसाच आतल्या गाळणीत दाब चढतो आणि मूत्र गाळलं जातं. मोठ्या जनावरात एरवी थोडेच बरगे घातलेले असतात, बाकीचे काठावर रचून ठेवलेले. नवजातात ते जवळजवळ सगळे आधीच घातलेले असतात. नदीचं पाणी ओसरलं की मोठं जनावर काठावरचे बरगे उचलून घालतं, नवजाताला उचलायला फारसं काही उरलेलं नसतं.

यातली अडचण अशी, की इतकं अँजिओटेन्सिन आत येणारी वाहिनीही आवळू पाहतं. ती उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातलीच द्रव्यं करतात, आणि नवजाताच्या मूत्रपिंडाची मदार त्यांच्यावर मोठी असते. ॲस्पिरिनच्या जातीची औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवतात, हे जॉन वेन यानं 1971 मध्ये दाखवलं आणि 1982 मध्ये त्याला नोबेल मिळालं. फ्लुनिक्सिन त्याच कुळातलं. रेडीच्या शरीरातलं पाणी हगवणीत गेलं, अँजिओटेन्सिन आणखी चढलं, आणि नेमक्या त्या वेळी आत येणारा मार्ग उघडा ठेवणारा हात आपण दोनदा बांधला. मूत्र थांबलं. मूत्र थांबलं म्हणून पोटॅशियम साचलं. हगवणीत शरीरातला आम्ल मारणारा क्षार, म्हणजे बायकार्बोनेट, निघून गेल्यानं रक्त आम्ल झालेलं होतं, त्यानं पेशींमधलंही पोटॅशियम रक्तात ढकललं. पोटॅशियमनं हृदय मंदावलं, हृदय मंदावलं म्हणून दाब पडला, आणि दाब पडला म्हणून मूत्रपिंडाला आणखी कमी रक्त मिळालं.

माणसांच्या नवजात विभागात हेच रोज पाहायला मिळतं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या हृदयाजवळची उघडी राहिलेली वाहिनी बंद करायला इंडोमेथॅसिन देतात, तेव्हा बाळाची लघवी कमी होते का, यावर डॉक्टर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. फ्लुनिक्सिन आणि इंडोमेथॅसिन या बाबतीत सख्खी भावंडं आहेत.

मग अल्डोस्टेरॉन चढं असूनही त्यानं पोटॅशियम बाहेर का टाकलं नाही? एक तर मूत्रच नव्हतं, कशातून टाकणार. दुसरं, नवजाताच्या मूत्रपिंडाच्या नलिका अल्डोस्टेरॉनला मोठ्या जनावराइतक्या जुमानत नाहीत. मानवी बाळांमध्ये हे चांगलं तपासलेलं आहे. हार्मोन रक्तात भरपूर आणि परिणाम मात्र अपुरा, अशी ती अवस्था असते. म्हणून नुसता हार्मोनचा आकडा पाहून "यंत्रणा जोरात चालू आहे" असं म्हणणं चुकीचं ठरतं.

म्हैस का वाचली

म्हशीचं पाणी रेडीइतकं गेलेलं नव्हतं, हे आधी कबूल केलं पाहिजे. ताप होता, खाणं कमी होतं, पण पाणी ती पीत होती. तेव्हा ही तुलना तराजूत तोलावी इतकी काटेकोर नाही. तरीही दोन मोठे फरक तिच्या बाजूनं होते. तिच्या पोटात कोथळा आहे, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा. मोठ्या म्हशीच्या कोथळ्यात कित्येक बादल्या ओला चारा-पाणी भरलेला असतो आणि गरज पडली की रक्त तिथून पाणी आणि मीठ ओढून घेतं. रवंथ करणाऱ्या जनावराची लाळसुद्धा सोडियमचं मोठं कोठार असते: मीठ कमी पडलं की अल्डोस्टेरॉन लाळेतलं सोडियम परत घेतं आणि त्याजागी पोटॅशियम सोडतं. रेडीचा कोथळा सहाव्या दिवशी नावापुरता असतो. तिच्या वजनाचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच, पण ते बाहेर पडायला लागलं की भरून काढायला आत कुठेही साठा नाही.

दुसरा फरक वर आलाच आहे. म्हशीची साखळी मंद आचेवर होती. तिच्या मूत्रपिंडाला त्या दोन दिवसांत प्रोस्टाग्लँडिनची जीवनमरणाची गरज पडली नाही, म्हणून ते बंद झाल्याचं तिला जाणवलंही नाही.

वासरं-रेडकं यात त्यातल्या त्यात बरी. कोकराप्रमाणे त्यांच्या मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्माआधीच पुऱ्या झालेल्या असतात. कुत्रा, डुक्कर, उंदीर यांच्या पिल्लांत त्या जन्मानंतरही काही काळ तयार होत राहतात, आणि ते घडवण्यातही अँजिओटेन्सिनचा हात असतो. उंदरांच्या पिल्लांना पहिल्या दोन आठवड्यांत अँजिओटेन्सिन रोखणारी औषधं दिली, तर मूत्रपिंडाची रचनाच कायमची बिघडते. मोठ्या उंदरात असं होत नाही. ही रेडी जर कुत्र्याचं पिल्लू असती, तर मी इतक्या आशेनं सलाईन लावलं नसतं.

उपचार

दहा टक्के पाणी गेलं असं धरलं तर 32 किलोला 3.2 लिटरची तूट. हृदयाचे ठोके पाहता पहिली बाटली पोटॅशियम नसलेली लावली: सोडियम बायकार्बोनेटचं 1.3 टक्क्याचं द्रावण, सोबत डेक्स्ट्रोज. बायकार्बोनेट आम्लता उतरवतं, आणि आम्लता उतरली व साखर मिळाली की पोटॅशियम पेशींत परत शिरतं. बाटल्या कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून दिल्या, रेडीला पोत्यांत गुंडाळलं, खालची ओली जमीन बदलली. फ्लुनिक्सिन बंद. मूत्रपिंडावर ताण आणणारी आणखी दोन औषधंही काढून टाकली.

दाब वाढवायला ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन द्या, असा सल्ला धाकट्या मुलाच्या ओळखीतल्या कुणीतरी फोनवर दिला. मी ठाम नाही म्हटलं. रेडीच्या रक्तवाहिन्या आधीच आवळता येतील तेवढ्या आवळलेल्या होत्या, पाय गुडघ्यापर्यंत गार होते ते त्यामुळेच. कमतरता रक्तवाहिन्यांत भरायच्या पाण्याची होती, आवळण्याची नव्हती.

पहिली बाटली संपता संपता ठोके 104 वर आले आणि नियमित झाले. मग साधं सलाईन. साधारण तीन तासांनी ती मुतली. आक्कांनी आधी पाहिलं आणि हाक मारली. सलाईननंतरच्या मूत्राच्या घट्टपणावरून निष्कर्ष काढता येत नाही, पण मूत्र तपासायच्या पट्टीवर प्रथिनं आणि रक्त दोन्ही दिसली, म्हणजे मूत्रपिंडाला इजा झालेली असणार. संध्याकाळी सरासरी दाब 57, कान कोमट. रात्री तिनं बोट चोखलं. तेव्हा तोंडानं मीठ-साखरेचं द्रावण सुरू केलं आणि दोन तासांच्या अंतरानं थोडं थोडं आईचं दूध. हगवणीत दूध तोडायचं नाही, फक्त दूध आणि द्रावण एकाच वेळी पाजायचं नाही, एवढं मी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं.

पुढल्या सकाळी ती उभी राहिली. तिसऱ्या दिवशी पोटॅशियम 4.8, क्रिएटिनिन 2.1. दहाव्या दिवशी क्रिएटिनिन 1.2.

आक्कांची गोळी

सलाईन चालू असताना मी हे सगळं आक्कांना सांगत होतो. अँजिओटेन्सिनचं नाव काढलं, तेव्हा धाकटा आतून त्यांच्या औषधांची पिशवी घेऊन आला. "आईला पण बीपीची गोळी हाय, ती ह्याचीच न्हवं?" टेल्मिसार्टन होतं. त्याचा तर्क बरोबर होता. ज्या हार्मोननं रेडीचा जीव धरून ठेवला होता, त्याचंच काम आक्कांच्या शरीरात ती गोळी अडवते. मोठ्या माणसात ते अडवणं हिताचं असतं, कारण तिथे ही साखळी वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांना आणि हृदयाला झिजवत असते. हीच साखळी दुसऱ्या ठिकाणी, अँजिओटेन्सिन बनतानाच, अडवणाऱ्या औषधांची सुरुवात ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषातून झाली. सर्जिओ फेरेरा यानं 1965 मध्ये त्या विषातला जो घटक ओळखला, त्याच्या धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल तयार झालं. तेच कॅप्टोप्रिल नवजात बाळाला द्यायची वेळ आली, तर डॉक्टर किलोमागे मोठ्या मुलाच्या कितीतरी कमी मात्रेनं सुरुवात करतात, नाहीतर दाब कोसळतो आणि लघवी थांबते.

मी आक्कांना एक गोष्ट आवर्जून सांगितली. त्यांचे गुडघे दुखतात, त्या अधूनमधून दुकानातून वेदनेची गोळी आणून घेतात. ज्या दिवशी जुलाब लागतील, त्या दिवशी टेल्मिसार्टन आणि वेदनेची गोळी एकत्र पोटात गेली, तर त्यांच्या मूत्रपिंडाची गत रेडीसारखी होऊ शकते. बंधाऱ्याचे बरगे एका गोळीनं काढलेले, आत येणारा मार्ग दुसरीनं बंद केलेला आणि नदीत पाणी नाही. बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, पण जुलाब-उलट्या झाल्या की त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारायचं, आणि वेदनेची गोळी तर मुळीच घ्यायची नाही. हा सल्ला जनावरांच्या डॉक्टरानं द्यावा का, असा प्रश्न कुणाला पडेल. मला तो द्यावासा वाटला आणि मी दिला.

फ्लुनिक्सिनवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. शरीरात पाणी पुरेसं असेल, तर हगवणीच्या वासराची वेदना कमी केल्यानं ते लवकर दूध पितं. या कुळातली मेलॉक्सिकॅमची एखादी मात्रा योग्य वेळी उपयोगी पडते, मीही देतो. क्रम मात्र बदलत नाही: आधी पाणी आणि मीठ, मग मूत्र होताना डोळ्यांनी पाहणं, मग वेदनाशामक. नवजातात वजनाचा हिशोब बरोबर असला म्हणजे मात्रा सुरक्षित झाली, असं धरायचं नाही.

सहा आठवड्यांनी रेडीला पुन्हा पाहिलं. वजन बरोबरीच्या रेडकांपेक्षा थोडं कमी, सरासरी दाब 81, मूत्राची पट्टी स्वच्छ, आणि मूत्र आता चांगलं घट्ट. तिची हार्मोन्सची साखळी या वयात बरीच खाली उतरलेली असणार. काही नलिका कायमच्या गेल्या असतील तर ते पुढे कधीतरी, बहुधा पहिल्या वेताच्या ताणात कळेल. म्हणून दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन पाहायचं ठरवलं आहे. धाकट्यानं विचारलं, शिंगं डागायची आहेत, तेव्हा वेदनेची सुई चालेल का. चालेल, असं सांगितलं. फक्त त्या दिवशी तिनं सकाळी पाणी प्यालेलं असावं, हगवण नसावी, आणि सुई देण्याआधी ती मुतलेली कुणीतरी पाहिलेली असावी.